वहिनीच्या फळीवरची बारा पुस्तकं

२७ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. ठीक आहे, जेवतो, झोपतो, गोळ्या घेतो. दादा, हे पत्र आहे की दवाखान्यातला तक्ता? मागच्या महिन्यातही शब्दन् शब्द हेच होतं. एकदाच छापून घे आणि दर महिन्याला एक पाठवत जा, शाई तरी वाचेल.

नोव्हेंबरात वहिनीला जाऊन वर्ष झालं तेव्हा चार दिवस तुझ्याकडे राहिले, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू स्वयंपाकघरात बेसिनपाशी उभा राहून पातेल्यातूनच खात होतास आणि लगेच पातेलं विसळून उपडं घालत होतास. मी टेबलाशी बसले होते, पण तुझ्या ते लक्षातच आलं नाही. पलंगाच्या वहिनीच्या बाजूला तिची ती फळी, तिच्यावर तुमच्या प्रकाशनाच्या अभिजात मालेची बारा पुस्तकं, आणि त्यांच्यावर बोटभर धूळ. ह्या बारांतलं अक्षर न् अक्षर तू तीन-तीनदा तपासलंस. मी सहज विचारलं, त्या नावाडिणीच्या कादंबरीत शेवटी काय होतं रे? तर म्हणालास की दोनशे बाराव्या पानावर एक उकार चुकून ऱ्हस्व राहिला, त्याचं अजून वाईट वाटतं. पस्तीस वर्षं मुद्रितशोधक होतास, आणि एक गोष्ट माहीत नाही तुला!

म्हणून मी ठरवलंय. वर्षाचे महिने बारा, फळीवर पुस्तकं बारा. दर महिन्याला एक वाचायचं, माणसं वाचतात तसं, हातात पेन्सिल न घेता. वाचून झालं की त्यातून एक संकल्प काढायचा आणि तो तेवढा एक महिना पाळायचा. मग मला लिहायचं. आधी पुस्तकात काय काय होतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, अजिबात हात आखडता न घेता. आणि नंतर संकल्पाचं काय झालं ते. तू पाठवलेली बाराच्या बारा माझ्याकडेही आहेत, मीही बरोबर वाचीन.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची ती मोहरीएवढी अक्षरं मला सोसत नाहीत, तेव्हा पत्रंच बरी. फक्त जरा मोठं लिही. तुझं अक्षर म्हणजे साखरेकडे निघालेल्या मुंग्या.

नाही म्हणू नकोस. माया करतोसच, आता थोडं ऐकतही जा.

तुझी,
ठमी


६ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. नवीन वर्षाचे संकल्प ही मला माहीत असलेली सर्वांत निरुपयोगी गोष्ट आहे. आमच्या छापखान्यात एक जण दर वर्षी तंबाखू सोडायचा, बावीस वर्षं सोडत होता.

तरी पण नावाडीण काढली. धूळ पुसली. पेन्सिल दुसऱ्या खोलीत ठेवून आलो, तरी पहिल्या वीस पानांत तीनदा उठून तिकडे गेलो. शब्द दिसतात, त्यांच्यामागे कोणी दिसत नाही. तुला वाटतं तितकं हे सोपं नाही. सवय आहे ती, शर्ट नव्हे उतरवून ठेवायला.

अक्षर मोठं काढलंय. ह्याहून मोठं काढलं तर भिंतीवर लिहावं लागेल.

तब्येत सांभाळ. लॅबमधलं कवळ्या बनवायचं काम कमी कर, विश्रांती जास्त घे. आहेस तशीच माझ्यावर चिडत राहा.

दादा


२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ठरल्याप्रमाणे आधी गोष्ट. ही बाई बापाच्या मागे होडी चालवायला लागते, तेव्हा सतरा वर्षांची असते. तीस वर्षं माणसं पलीकडे नेते. नवऱ्या नेते, प्रेतं नेते, एकदा एक अख्खी शाळा बाकांसकट नेते. पण स्वतः पलीकडच्या काठावर कधी उतरत नाही. दोर बांधते, माणसं उतरवते, परत फिरते. वाचणाऱ्याला वाटतं शेवटी उतरेल. पूल बांधला जातो, होडी बंद पडते, आणि शेवटच्या पानावर ती पुलाच्या अलीकडे उभी राहून जाणाऱ्यांना वाट देते. इतकंच. पुस्तक मिटून मी बराच वेळ खिडकीशी बसलो.

संकल्प असा काढला की दर आठवड्याला अशा एका ठिकाणी आत जायचं जिथून आपण वर्षानुवर्षं नुसते पुढे गेलो. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या कुलपांच्या दुकानात शिरलो. एकवीस वर्षं रोज त्याच्यासमोरून जातो. मालकाने काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही, मी मान हलवली. त्याने मागच्या खोलीतून एकेक करत चौदा कुलपं आणून मांडली आणि घाम पुसत उभा राहिला. नंतर कळलं, त्याने विचारलं होतं की तुम्ही तपासणीसाठी आलात का. मग त्याने पाटीवर खडूने लिहून मला प्रत्येक कुलपाची माहिती दिली. दीड तास. ठमे, खोटं कशाला सांगू, वर्षभरात इतका वेळ माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

बाकीची तीन ठिकाणं साधी होती. पोहण्याचा तलाव, गॅरेज आणि होमिओपॅथीचा दवाखाना. तिथे मला गोळ्या दिल्या.

तू कुठे शिरलीस ते कळव. जिव्हाळा राहू दे.

दादा


१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कुलपांची गोष्ट वाचून मी एकटीच इतकी हसले की खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई वर बघायला आली. तुझं पत्र दोन दिवस पुरवून पुरवून वाचते मी.

नावाडीण अगदी तू सांगितलीस तशीच. मी आमच्या लॅबच्या मागे जो बगिचा आहे त्यात गेले, सोळा वर्षांत पहिल्यांदा. बाकावर बसले आणि आणि परत आले. तुझ्याइतकं रंगवून सांगण्यासारखं काही झालं नाही.

कामाचं म्हणशील तर एक कवळी परत आली. पुढच्या दातांची शेड जुळली नाही म्हणे. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं, पण होतं कधीकधी. प्लास्टरची धूळ नाकात, मेणाचा वास केसांत, मी आहे तशीच आहे.

पुढचं लवकर सांग. सविस्तर सांग. माझ्या पत्राच्या लांबीकडे बघू नकोस, मायेकडे बघ.

ठमी


३ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन महिन्यांचं एकदम लिहितो, कारण मार्च जमला नाही.

फेब्रुवारीचं पुस्तक दोन भावांचं. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि एका बैलाच्या मृत्यूवरून अबोला. भिंतीच्या एका बाजूला एकाने खिळा ठोकला की दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची तसबीर पडते. असं सव्वीस वर्षं. थोरला मरतो तेव्हा धाकटा भिंतीला कान लावून बसतो, खिळ्याचा आवाज येईल म्हणून. संकल्प सरळच होता: ज्याच्याशी बोलणं टाकलं त्याच्याशी आपण होऊन बोलायचं. तुला आमचा कानामात्रा आठवतो ना, माझ्या समोरच्या टेबलावरचा? एका जोडशब्दात मध्ये रेघ द्यावी की देऊ नये ह्यावरून आमचं तुटलं, त्याला अठरा वर्षं झाली. त्याच्या घरी गेलो. दार उघडल्यावर त्याचे डोळे भरून आले, माझेही आले. चहा झाला. मग त्याने कागदावर लिहिलं की काही असो, रेघ हवीच होती. मी लिहिलं, नको होती. दोन तास कागद फिरत होता. आता दर गुरुवारी जातो. भांडण मिटलेलं नाही, पण अबोला मिटला.

मार्चचं पुस्तक म्हणजे नाटक. एक राणी सगळं वाटून टाकते आणि शेवटी स्वतःचं नावही एका मुलीला देऊन टाकते. मी ठरवलं की तुझ्या वहिनीचं कपाट रिकामं करायचं. रोज एक वस्तू. पहिल्या दिवशी तिच्या चपला दिल्या, दुसऱ्या दिवशी छत्री. तिसऱ्या दिवशी निळा कोट काढला. त्याच्या खिशात एक कागद होता, त्यावर तिच्या अक्षरात सामानाची यादी: साबण, बटणं, ह्यांच्या कानाचे थेंब. कोट परत टांगला. कपाट लावून घेतलं. उरलेला महिना त्या दाराकडे पाठ करून झोपलो.

एप्रिलसाठी एका कैद्याची कादंबरी आहे. तो रोज कोठडीत दगडावर फडकं अंथरून, ताठ बसून, मिळेल ते अन्न पाहुण्यासारखं खातो. संकल्प काय निघाला असेल ते तू ओळखशील. कालपासून टेबलाशी बसतो. ताट घेतो. समोरच्या खुर्चीकडे बघायचं नाही एवढं एक जमवायला हवं.

माझं हे असं आहे. तुझं कळव, आणि आठवण काढतेस तशी काढत जा.

दादा


२० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कोट परत टांगलास ते बरं केलंस. मला फार. राणीने दिलं म्हणून आपण द्यायलाच हवं असं नाही. तिच्याकडे शेवटी राज्य होतं, आपल्याकडे एक कपाट.

कानामात्रांना माझा नमस्कार सांग. रेघ नको होती असं मलाही वाटतं, पण हे त्यांना दाखवू नकोस.

मी पण टेबलाशी बसून जेवते हल्ली. इथे बरं चाललंय. लॅबमध्ये बारीक काम आता शेजारच्या टेबलावरची करते, मी नुसती. दाढांचे साचे ओतायचं काम माझ्याकडे आहे, त्यात डोकं लागत नाही, तेवढीच विश्रांती.

मेचं पुस्तक मी आधीच संपवलं, बघ तुझ्या पुढे गेले! तो मोजणीदार, धरणाखाली जाणार असलेलं खोरं मोजायला येतो तो. शेवटी काम संपवून तो घरी परत जातो आणि बायकोला सगळं सांगतो, ते मला कालच्या कालच्या दिवसभर पुरलं. मी आमच्या रस्त्यावरची झाडं मोजली. एकवीस आहेत.

तुझ्या पत्राची वाट बघते. जीव लावलास तसा लावून ठेव.

ठमी


३ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

मोजणीदार घरी परत जात नाही, ठमे.

तो खोऱ्यातलं प्रत्येक घर, प्रत्येक उंबरा मोजतो, आणि पाणी चढायला लागतं तेव्हा आपली साखळी एका माडीवर विसरली म्हणून परत आत जातो. तो बाहेर आला की नाही हे पुस्तक सांगत नाही. शाळेत आपल्याला ह्या कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती होती, मुलांसाठी शेवट बदललेली. त्यात तो घरी जातो. म्हणजे तू पन्नास वर्षांपूर्वीचं आठवून लिहिलंस. मी पाठवलेलं पुस्तक उघडलंही नाहीस.

मग मी तुझी मागची पत्रं पाहिली. नावाडीण 'तू सांगितलीस तशीच', भावांच्या भिंतीबद्दल एक अक्षर नाही, कैद्याबद्दल नाही. तू काहीच वाचत नाहीयेस. हे सगळं माझ्यासाठी काढलेलं औषध होतं तर. म्हाताऱ्याला कामाला लावा, म्हणजे तो पातेल्यातून खाणार नाही. मी इथे पहिलीतल्या मुलासारखा गृहपाठ करून पाठवतोय, आणि तू तो न वाचताच 'छान' असा शेरा मारतेस.

मला वाटलं होतं की आपण दोघं एकाच वेळी एकाच पानावर आहोत. संध्याकाळी पुस्तक उघडताना मनात असायचं, तिकडे ठमीनेही उघडलं असेल. तेवढ्यासाठी मी वाचत होतो. एकटंच वाचायचं असेल तर मला त्याची गरज नाही.

जूनचं पुस्तक फळीवर परत ठेवलं आहे.

दादा


२९ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आठ आठवडे झाले, तुझं पत्र नाही. रागावली असशील, हक्क आहे तुझा. पण परवा मी एक गोष्ट केली ती सांगतो.

तुझी वर्षाची सगळी पत्रं टेबलावर मांडली, आणि पेन्सिल घेतली. पट्टी घेतली. प्रूफ तपासतात तशी ओळ न् ओळ तपासली. अर्थाकडे मुळीच बघायचं नाही, फक्त कागदावर काय आहे तेवढंच बघायचं. हे मला येतं. बाकी काही येत नसेल, पण हे येतं.

डिसेंबरात ओळी सरळ आहेत. फेब्रुवारीत उजवीकडे खाली उतरतात, आणि 'आणि' दोनदा आलाय. एप्रिलमध्ये 'कालच्या' दोनदा. 'मला फार' एवढ्यावर वाक्य संपवलंयस, फार काय ते नाही. 'मी नुसती' नंतर पूर्णविराम आहे, क्रियापद नाही. एका ओळीवर दुसरी ओळ चढली आहे. वेलांट्या अक्षरापासून सुटून शेजारच्या अक्षरावर बसल्यात. शाळेत असताना शुद्धलेखनाच्या वहीत तुला कधी लाल खूण मिळाली नाही. ही घाईने लिहिणाऱ्या माणसाची चूक नाही. घाई करणारा शब्द गाळतो, पण जिथे पोचायचं तिथे पोचतो. तू मध्येच थांबतेस, पुन्हा शोधतेस, आणि भलत्या जागी सुरू करतेस.

मग मी पेन्सिल ठेवली आणि पत्रं पहिल्यांदा वाचली. शेड जुळली नाही. बारीक काम दुसरी करते. मोहरीएवढी अक्षरं सोसत नाहीत. अक्षर मोठं काढ. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग.

ठमे, तुझ्या डोळ्यांना काय झालंय?

जूनच्या पत्राबद्दल क्षमा मागून ते पुसलं जाणार नाही. तरी मागतो. हे पत्र जाड पेनाने लिहिलंय, एका ओळीत चारच शब्द. तुला जसं जमेल तसं उत्तर दे, नुसती एक ओळ चालेल. ती वाकडी असली तरी मी सरळ वाचीन.

तुझाच,
दादा


११ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र खालची शिवणकामवाली लिहितेय, मी सांगतेय. तिला म्हटलंय, मी बोलते ते सगळं लिही, गाळू नकोस. ती म्हणते की तिला मध्ये मध्ये रडू येतं, तेव्हा शाई पसरली तर समजून घे.

गेल्या ऑक्टोबरात सुरू झालं. एक दात कोरत होते आणि तो मधोमध नाहीसा झाला. आजूबाजूचे दिसत होते, जबडा दिसत होता, माझी बोटं दिसत होती, पण ज्याच्याकडे बघत होते तोच नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नजरेचा मधला भाग जातोय. एक डोळा आधी, दुसरा मागोमाग. कडेचं राहील. म्हणजे दाराची चौकट दिसेल, दारात आलेल्याचा चेहरा दिसणार नाही. नोव्हेंबरात तुझ्याकडे आले तेव्हा मला माहीत होतं. सांगणार होते. तू बेसिनपाशी उभा होतास, मग नाही सांगितलं.

मार्चपासून मालकीणबाईंनी मला साचे ओतायला बसवलं. मेच्या अखेरीस मी स्वतःच निघाले. सोळा वर्षांच्या टेबलावरून माझी कोरायची हत्यारं उचलली तर ती एका रुमालात मावली.

आता ते पुस्तकांचं. तू लिहिलंस की हे तुझ्यासाठी काढलेलं औषध होतं. नाही रे दादा. तुझ्यासाठी करण्याइतकी मी चांगली नाही. ते माझ्यासाठी होतं. ती बारा पुस्तकं मला वाचायची होती, निवृत्त झाल्यावर निवांत वाचू म्हणून ठेवली होती, आणि निवृत्तीच्या आधी डोळेच निवृत्त झाले. मग वाटलं, दादाला वाचायला लावू, तो लिहील, तेवढं भिंगाने वाचता येईल. एकेक शब्द भिंगाखाली आणून वाचायचे मी. तुझं कुलपांचं पत्र वाचायला मला दोन दिवस लागले, त्याला मी पुरवून वाचणं म्हणाले. जूनच्या पत्राला चार दिवस लागले. रागाचा शब्द एकेक करून येतो ना, तेव्हा फार वेळ लागतो तो संपायला.

मोजणीदार घरी गेला असं मला खरंच वाटत होतं. तू सांगितलंस तेव्हापासून तो माझ्या डोक्यात त्या माडीवर उभा आहे.

लिहिणारीचा हात दुखायला लागला. तुझी माया आटली नसेल अशा आशेवर थांबते.

ठमी


१८ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. शिवणाऱ्या बाईंना माझे आभार कळव. त्यांनी एकही अनुस्वार चुकवलेला नाही.

मी ठरवलंय. सामान आवरायला घेतो. तुझ्याकडे येतो, कायमचा. हे घर भाड्याने देऊन टाकू. बाजारहाट, स्वयंपाक, दवाखाना सगळं मी बघीन, तुला काठीसुद्धा धरावी लागणार नाही. उरलेल्या महिन्यांना पुस्तक नको, संकल्प नको. माझा एकच संकल्प, तो म्हणजे तू. ह्यात चर्चा नाही. उत्तर येताच तिकीट काढतो.

आजवर धाकटी म्हणून जे ऐकलं नाहीस ते आता ऐक.

दादा


१ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिकीट काढू नकोस.

रागावू नकोस, आधी पूर्ण वाच. शिवणाऱ्या बाईला सांगितलंय की तिकिटाचं वाक्य तीनदा लिही, पण ती म्हणते एकदा पुरे. मला कोणाचा संकल्प व्हायचं नाहीये. संकल्प महिनाभर चांगला असतो. मग माणूस थकतो, आणि मग त्याला आपण थकलो ह्याची लाज वाटते. मला तुझी लाज बघायची नाही, आणि आता चेहरा दिसत नसला तरी आवाजात ती ऐकू येईल मला.

मी काठी धरायला शिकतेय. एक सर येतात, आठवड्यातून दोनदा. फार कडक आहेत. मी शेजारणीचा हात धरला की काठीने जमिनीवर टकटक करतात. त्यांच्यामुळे मला जिन्याच्या पायऱ्या मोजायची गरज राहिली नाही, टोकच सांगतं. हे सगळं तू येऊन माझ्या हातातून काढून घेशील, आणि मी तुला ते काढू देईन, ह्याचीच मला भीती वाटते.

दुपारी मात्र फार एकटं वाटतं. हे लिहू की नको ह्यावर आमच्या दोघींत वाद झाला. लिहायला सांगितलं. कामावर होते तेव्हा माणसांशी फार बोलत नव्हतेच, पण समोर सतत कोणाचं तरी तोंड असायचं, प्लास्टरचं का होईना. आता दुपारी खोलीत मी असते आणि नजरेच्या मध्ये तो डाग असतो. मी मान वळवते तिकडे तो येतो.

तरी पण नको येऊस असा. प्रेम आहे ते दुरून पाठव, नेहमीसारखं.

ठमी


१३ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं बरोबर आहे. तिकीट काढलं नव्हतं, आवराआवर मात्र सुरू केली होती, ती थांबवली.

आता माझं ऐक, आणि हे तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

तुझ्या वहिनीने नावाडीण वाचून संपवली ती संध्याकाळ मला आठवते. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. तिने पुस्तक मिटलं आणि ते मांडीवर ठेवून तशीच बसली. डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, चूक सापडली का? ती म्हणाली, नाही, एकही नाही. मला आनंद झाला. मी उठून दिवा लावला आणि पुढच्या पुस्तकाची प्रूफं घेऊन बसलो. अशी बारा पुस्तकं, ठमे. बारा वेळा ती शेजारी बसून कुठून तरी परत आली, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही की तिकडे काय होतं.

आता मला माहीत आहे तिकडे काय होतं, आणि हे सांगायला घरात कोणी नाही. जूनमध्ये फळीवर ठेवलेलं पुस्तक मी ऑगस्टमध्ये काढलं, नंतर आणखी तीन वाचली. चारही सांगायची राहिली आहेत. कानामात्राला सांगायला जातो तर तो विरामचिन्हांवर येतो. पत्रात लिहायचं तर पाच दिवसांनी पोचतं, तोवर माझ्या मनातून ते निवून जातं. मला कोणाला तरी ताबडतोब सांगायचंय. पान उलटल्याबरोबर.

म्हणून विचारतो, तुझी सोय बघायला नाही, माझी अडचण आहे म्हणून. तीन आठवडे येऊ का? स्वयंपाक तूच कर, बाजारात तूच जा, मी तुझ्या काठीला हात लावणार नाही. मी वाचीन. तू ऐक. तीन आठवडे झाले की माझ्या घरी परत येईन आणि गुरुवारी कानामात्राकडे जाईन. चाललं तर पुन्हा कधी.

नाही म्हणालीस तरी तुझाच,
दादा


२६ सप्टेंबर

दादा,

हे मीच लिहितेय. जाड पेन, एका पानावर पाच ओळी, म्हणून पानं पुष्कळ झालीत. शिवणाऱ्या बाईला आज मुद्दामच बोलावलं नाही. चुका मोजू नकोस.

ये. नऊ तारखेची गाडी घे, ती सकाळी अकराला स्टँडवर येते. तीन आठवडे.

मी न्यायला येते. एकटी. सरांना विचारलं, ते म्हणाले, अकरा मिनिटांचा रस्ता आणि दोन चौक आहेत, तुम्हाला जमेल. मी त्यांच्याबरोबर दोनदा गेले आहे, एकटी कधीच गेले नाही. त्या दिवशी पहिल्यांदा.

आता नीट वाच, कारण मी ह्यावर पुष्कळ विचार केलाय. स्टँडवर गर्दी असते. तुझा चेहरा मला दिसणार नाही. शर्ट कडेने दिसेल, पण तसले शर्ट पन्नास असतात. मी हाक मारली तर तुला ऐकू येणार नाही. तू हात वर केलास तर मला कळणार नाही. आपण एकमेकांना शोधत हातभर अंतरावरून निघून जाऊ.

तेव्हा असं कर. उतरलास की चौकशीच्या खिडकीजवळ खांब आहे, त्याला पाठ टेकून उभा राहा. हलू नकोस. मला शोधू नकोस. पिशवीतून पुस्तक काढ, त्या चारांतलं कुठलंही, आणि पहिल्या पानापासून वाचायला लाग. मोठ्याने. लोक बघतील, बघू देत. पोलीस आला तर त्यालाही ऐकव.

मला उशीर झाला तरी थांबू नकोस. वाचत राहा.

मी आवाजाकडे येते.

ठमी